मारोतरावांच्या पूजेतले कागद

मारोतराव हातमास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, आणि मी तसा प्रयत्न दोनदा करून पाहिला. पहिल्या खेपेला त्यांच्या मिशीबद्दल बोललो आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्या छत्रीबद्दल. दोन्ही वस्तू खरंच चांगल्या होत्या. त्यापुढे काही सापडेना, म्हणून आता जे होतं ते लिहितो.

कारंज्याच्या वेशीबाहेर, छोट्या गाडीच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, एका ट्रस्टने बावन्न साली हात-पाय सुधार केंद्र काढलं होतं. कापसाच्या जिनात बोटं सापडलेले, बैलबंडीवरून पडलेले, लकव्याने एक बाजू गेलेले, असे लोक तिथे यायचे. हाड जोडणं हे डॉक्टरचं काम, ते अकोल्याला व्हायचं. जोडलेल्या हाताला पुन्हा कामाला लावणं हे आमचं. ही विद्या तेव्हा मुंबईत नुकतीच आलेली होती. तिचं सार एवढंच, की रोग्याला नुसतं निजवून ठेवू नका; त्याला झेपेल असं, त्याच्याच ओळखीचं काम द्या, म्हणजे काम करता करता अंग सुधारतं. इतकी सोपी गोष्ट. पण सोप्या गोष्टीचं वाटोळं करायला खास माणूस लागतो, आणि तो ट्रस्टला रिठदला सापडला: मारोतराव. हात सुधारायचे म्हणून लोक त्यांना हातमास्तर म्हणायचे.

मी केंद्राचा मिस्त्री. मोडक्या हाताखाली बांधायच्या फळ्या, बोटांनी फिरवायच्या खुट्या, काठ्या, कुबड्या, सगळं मी करायचो. शिकलो गावच्या शाळेत, चौथीपर्यंत. मारोतराव सातवी होते, म्हणजे ‘फायनल’ झालेले, आणि हे त्यांनी सांगितलं नाही असा माणूस कारंज्यात बहुधा मुका-बहिराच असेल. ट्रस्टच्या दिवाणजींचे ते साडू. दिवाणजींनी नाव सुचवलं, ट्रस्टने फॉर्म पाठवला, आणि त्या फॉर्मवर ‘इंग्रजी येते काय?’ या प्रश्नापुढे मारोतरावांनी मोठ्या अक्षरात ‘होय’ लिहिलं. येत होती ती सही. तीसुद्धा सगळी नाही, आडनावापर्यंत.

सहा महिने ते मुंबईला शिकून आले. शिकवणाऱ्या एक डॉक्टरीण बाई होत्या, त्या मराठीतून सांगायच्या, म्हणून निभावलं. येताना त्यांनी पांढरा कोट आणला आणि एक जाड पुठ्ठ्याची वही आणली. कोट धोतरावर घालायचे. वहीत जे होतं ते ब्रह्मवाक्य, आणि वहीत नव्हतं ते जगात नव्हतं.

त्या वहीच्या दुसऱ्या पानावर ‘सुतळी वळणे – उत्तम’ असं लिहिलेलं होतं. कोणत्या रोग्याला उत्तम, ते लिहून घ्यायचं राहिलं असावं. म्हणून मारोतराव सगळ्यांना सुतळी वळायला बसवायचे. खांदा धरला, वळ सुतळी. मान अवघडली, वळ सुतळी. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा रामसिंग नावाचा एक गडी गुडघा घेऊन आला होता. त्याला तीन महिने सुतळी वळायला लावली. जाताना तो लंगडत माझ्या शेडपाशी आला आणि म्हणाला, “मिस्त्री, आलो होतो पायासाठी, अन् हात घेऊन चाललो पैलवानाचे. आता हातावरच चालू का मी?”

मी हे मारोतरावांना सांगितलं. ते म्हणाले, “पाह्यलं? हातात फरक पडला ना?”

आता कागदांची गोष्ट.

मुंबईच्या बाई मोठ्या कळकळीच्या होत्या. आपण शिकवलेली माणसं गावोगाव पांगली, तिथे त्यांना नवं काही कळणार नाही, जुन्यावरच गाडा हाकत बसतील, ही त्यांना काळजी. म्हणून देशोदेशीच्या मासिकांतून जे नवं निघे, कोणी शंभर रोग्यांवर काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं, ते निवडून, थोडक्यात लिहून, चित्रं काढून, दर तीन महिन्यांनी त्या सगळ्या केंद्रांना पाठवायच्या. सोबत एक जबाबी कार्ड. त्यावर फक्त एवढं कळवायचं, की तुम्ही यातलं काय करून पाहिलं, काय जमलं आणि काय फसलं. कागद मात्र इंग्रजीत, कारण ते सगळ्या प्रांतांत जायचे. आणि मारोतरावांच्या फॉर्मवर ‘होय’ होतं.

पहिलं पाकीट आलं त्रेपन्न सालच्या दसऱ्याला. केंद्रात शस्त्रपूजा मांडलेली. माझी करवत, रंधा, मारोतरावांची कात्री, ती वही, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालेलं. तेवढ्यात पोस्टमन आला. दहा-पंधरा रोगी, त्यांचे नातेवाईक, सगळे बसलेले. “मुंबईचं हाय मास्तर, वाचा तर खरं, काय म्हणतात मुंबईवाले,” असं कोणी तरी म्हणालं.

मारोतरावांच्या कपाळाला घाम आलेला मी पाहिला. पण मूर्ख माणूस अडचणीत किती झटकन हुशार होतो! त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, वहीवर ठेवलं, त्यावर हळद वाहिली, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाले, “विद्या हाय ही. पूजेतली विद्या आज उघडत नसतात.”

खरंच आहे. पूजेत ठेवलेलं पुस्तक त्या दिवशी आपण कोणीच वाचत नाही. शाळेतली पोरं याच कारणासाठी दसऱ्याची वाट पाहतात. पण पोरांचा दसरा एक दिवसाचा असतो. मारोतरावांचा दोन वर्षं चालला. दुसरं पाकीट आलं ते पहिल्यावर गेलं, तिसरं दुसऱ्यावर. मग लाल कापड आलं, त्यात बस्ता बांधला गेला, बस्त्याला कोनाडा मिळाला. सकाळी कामाला बसण्यापूर्वी रोग्यांनी बस्त्याला डोकं टेकवायचं, असा नियम झाला. लोक नारळ आणू लागले. एका म्हाताऱ्याने तर हाताला गुण यावा म्हणून बस्त्याला पाच प्रदक्षिणा घातल्या. कोनाडा भिंतीत होता, म्हणून अख्ख्या इमारतीला फिरून आला, आणि त्या चालण्याने त्याचा गुडघा तेवढा सुधारला.

सुरुवातीला मला वाटे की हे नुसतं ढोंग आहे. ढोंगी माणसाबद्दल थोडा तरी आदर ठेवता येतो, त्याला निदान खरं काय ते माहीत असतं. पण वर्षभरात मारोतराव स्वतःच त्या बस्त्यापुढे डोळे मिटून उभे राहू लागले. आणि जबाबी कार्डं? ती ते न चुकता पाठवायचे. प्रत्येकावर मराठीत एकच मजकूर, ‘आपल्या आशीर्वादाने येथील सर्व कुशल. कृपा असावी.’

पंचावन्न साली पोळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयागबाई आल्या.

मूळच्या आसेगावच्या. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला. तेव्हापासून कारंज्यात विद्यार्थ्यांच्या एका बोर्डिंगात भाकरी थापायच्या. दोन वेळच्या मिळून दीडशे भाकरी, एकट्या. स्वयंपाकघरामागची खोली त्यांना राहायला दिलेली. आषाढात विहिरीच्या शेवाळावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. अकोल्याला पलस्तर घातलं, मुदतीनंतर काढलं. हाड चांगलं जुळलं होतं. डॉक्टरने चिठ्ठी दिली, ‘केंद्रात जाऊन हात चालता करून घ्या.’

त्यांच्यासोबत बोर्डिंगचे व्यवस्थापक जगदेवराव आले होते. माणूस रोखठोक, पण वाकडा नाही. मारोतरावांसमोर त्यांनी प्रयागबाईंना सांगितलं, “बाई, तुमी दहा वर्षं खाऊ घातलं, मले जाण हाय. पण मंगरुळाहून आणलेली सोजरबाई म्हणते, ठेवायचं तर पक्कं ठेवा, नाही तर मी चालली. तिले मी घट बसायच्या दिवसापर्यंत थांबवलं. त्या दिवशी सकाळी तुमच्या हातची भाकर पाहीन. झाली तर चूल तुमची. नाही झाली तर खोलीबी तिची.”

महिनाभराची मुदत. चूल गेली तर खोली गेली, आणि खोली गेली तर आसेगावला भावाच्या ओसरीवर. प्रयागबाईंनी हात तेवढा पुढे केला.

मारोतरावांनी वही उघडली. मोडलेल्या मनगटाखाली ‘विश्रांती’ असा एकच शब्द होता. तो मुंबईच्या बाईंनी पलस्तरातल्या हातासाठी सांगितला असणार. मारोतरावांनी त्या हाताला झोळी बांधली, गळ्यात अडकवली आणि म्हणाले, “चाळीस दिवस. बोटबी हालवायचं नाही. हाड वलं हाय.”

“चाळीस?” जगदेवराव म्हणाले. “घट बसतात तिसाव्या दिवशी. अन् चाळीस कायच्यात लिहिलं हाय?”

“लिहायचं काय त्याच्यात? बाळंतिणीले सव्वा महिना बसवता का नाही? मंग हाड काय बाळंतिणीहून हलकं हाय?”

या युक्तिवादावर जगदेवराव उठून गेले. कोणीही गेलं असतं.

आठवड्याने पाहतो तर त्या हाताची बोटं कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी ताठ. हात सुजून चकचकीत झालेला. प्रयागबाई रोज यायच्या, बस्त्याला डोकं टेकवायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. दुसरं काही करायला मनाईच होती. एकदा माझ्या शेडपाशी येऊन म्हणाल्या, “मिस्त्रीभाऊ, पलस्तरात होता तवा हा हात माहा वाटत होता. आता वाटते, कोणाचा तरी सांभाळाले देला हाय.”

मी काय सांगणार? मी मिस्त्री.

पण त्याच आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. मारोतराव तीन दिवस रिठदला निघाले. जाताना मला हुकूम केला, “मिस्त्री, बस्त्याले कोनाडा पुरत नाही. सागाचा देव्हारा करा. वर कळस पायजे. माप घेऊन ठेवा, पण बस्ता सोडू नका.”

आता माप घ्यायचं आणि कापड सोडायचं नाही, हे कुठल्या सुताराला जमतं? कापडात बांधलेली वस्तू म्हणजे गाठोडं, आणि गाठोड्याला माप नसतं. मी बस्ता सोडला. आत आठ पाकिटं, एकही फोडलेलं नाही. हळदीने पिवळी झालेली आणि एका कोपऱ्याने कसर लागलेली. देवाला कसर लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पटाशीने एक पाकीट उघडलं, मग दुसरं, मग सगळीच.

अक्षर मला वाचता येत नव्हतं, पण चित्र सुताराला वाचता येतं. तिसऱ्या पाकिटात हाताची चित्रं होती. एका चित्रात पलस्तर घातलेला हात, त्याची बोटं मिटलेली आणि उघडलेली, बाजूला बाण. दुसऱ्यात पलस्तर काढलेला हात पाण्याच्या भांड्यात. आणि तिसऱ्यात झोळीत अडकवलेला हात, अगदी मारोतरावांनी बांधला होता तसा, आणि त्यावर फुलीच फुली. दीड वर्षापासून हा कागद त्या कोनाड्यात होता. आम्ही सगळे त्याला रोज डोकं टेकवत होतो, आणि आत तो बिचारा ओरडत होता.

कागद घेऊन मी थेट स्टेशनावर गेलो. त्या काळी कारंज्यात कोणाला तार आली की ती वाचून घ्यायला लोक स्टेशनमास्तरकडे जायचे. स्टेशनमास्तर होते हेमसिंग राठोड, तांड्यातून शिकून मॅट्रिक झालेले. तार म्हटली की बहुतेक मरणाचीच. माझ्या हातात इंग्रजी कागद दिसताच हमालाने डोक्याचं फडकं काढलं.

“कोण गेलं मिस्त्री?”

“कोणी गेलं नाही अजून,” मी म्हटलं. “पण एक हात जाऊन राह्यला.”

हेमसिंगांनी चष्मा लावून कागद वाचला. मध्ये छोटी गाडी आली, तिला झेंडी दाखवून आले, पुन्हा वाचला. मग म्हणाले, “हे पाय. इंजन कारखान्यातून दुरुस्त होऊन आलं. मंग त्याले चाळीस दिवस यार्डात उभं करतं का कोणी? चाकं गंजतात ना! हळू सोडावं लागते. आधी रिकामं, मंग दोन डबे, मंग पुरी गाडी. हेच लिहिलं हाय इथी. बोटं पहिल्या दिवसापासून हालवा. पलस्तर काढलं की गरम पाण्यात मूठ उघडझाक. मंग नरम वस्तू दाबायची. अन् मंग रोग्याले जे काम येते, तेच काम थोडं थोडं. झोळीत ठेवलेला हात आखडतो. इतक्या लोकाइवर पाह्यलं, इतक्याइचे आखडले, सगळं मोजून देलं हाय.”

“अन् दुखलं तर?”

“तेबी हाय. काम थांबवल्यावर दुखणं ओसरलं तर चालू द्या. सूज दुसऱ्या दिवसापर्यंत राह्यली तर काम कमी करा.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, “मारोतरावाले इंग्रजी येते म्हणे ना?”

“येते,” मी म्हटलं. “पूजेपुरती.”

तिसऱ्या दिवशी मारोतराव परतले. बस्ता जसाच्या तसा कोनाड्यात होता. आत तीन कागद कमी होते आणि त्यांच्या जागी माझे रद्दी कागद. त्यांनी त्याला नमस्कार केला आणि देव्हाऱ्याच्या कळसाबद्दल विचारलं. मी सांगितलं, कळसाला वेळ लागेल. लागलाच. मी दुसरंच काही करत होतो.

दुपारी जेवून मारोतराव तासभर झोपायचे. तो तास आमचा. प्रयागबाई माझ्या शेडमध्ये यायच्या, झोळी खुंटीला अडकवायच्या, आणि गरम पाण्याच्या घंगाळात हात घालून मूठ मिटायच्या. पहिल्या दिवशी मूठ म्हणजे नुसतं बोटांना वाटलं की आपण हललो. डोळ्यांतून पाणी, पण हात घंगाळातून काढला नाही. मी एका फळीवर त्यांचा पंजा ठेवून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पेन्सिलीने खुणा करायचो, तारखेसह. हे मला हेमसिंगांनी सांगितलं होतं. “कागदात म्हणते, नुसतं बरं वाटते म्हणू नका, मोजा.” मोजणं मला येतच होतं. दर दोन दिवसांनी खूण गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर सरकत होती.

आठवड्याने नरम भिजवलेलं पीठ दाबायला घेतलं. मग मी भाकरी थापायची एक लाकडी काठवट केली. साधी काठवट जमिनीवर असते, त्यात थापताना मनगट एकदम मागे वाकवावं लागतं. मी तिला पाय लावले, उतार दिला, आणि पायांखाली पाचर ठेवली. रोज पाचर थोडी काढायची, म्हणजे काठवट रोज थोडी खाली येणार आणि मनगट रोज थोडं जास्त वाकणार. हे कुठल्या कागदात नव्हतं. पण ‘रोग्याले जे काम येते तेच काम’ एवढं एकदा कळल्यावर पुढचं सुताराच्या हाताला कळतं.

एके दिवशी उत्साहात प्रयागबाईंनी दुप्पट थापलं. दुसऱ्या सकाळी हात भप्प सुजलेला. माझी तर गाळण उडाली. नेमके त्याच दिवशी मारोतराव झोळीत डोकावले आणि सूज पाहून खूश झाले. “पाह्यलं? म्हून म्हणतो, हालवू नका. आराम करूनबी इतकी सूज, तर काम केलं असतं तर काय झालं असतं!” प्रयागबाईंनी मान खाली घातली. हसू लपवत होत्या की रडू, सांगता येत नाही. दोन दिवस आम्ही निम्म्यावर आलो, सूज उतरली, पुन्हा लागलो.

पुढची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाही तर राहून जाईल. त्या वेळचं जबाबी कार्ड मारोतरावांनी पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. खाली त्यांची अर्धी इंग्रजी सही, वर ‘सर्व कुशल’. कार्डावर जागा पुष्कळ उरली होती. हेमसिंगांनी तिथे इंग्रजीत सगळं लिहिलं. गरम पाणी, पीठ, पायांची काठवट, खुणांची मापं, आणि दुप्पट थापून हात सुजला तेही. दिवाळीनंतरच्या पाकिटात मुंबईच्या बाईंनी ते छापून सगळ्या प्रांतांत पाठवलं, खाली नाव मारोतरावांचं. ‘यांच्याकडून इतर केंद्रांनी शिकावं’ असं त्यात लिहिलं होतं म्हणे. मी ते हेमसिंगांकडून चोरून वाचून घेतलं तेव्हा कळलं. मी पाकीट पुन्हा चिकटवून ठेवलं. उभ्या आयुष्यात एकदाच त्या माणसाचं नाव छापून आलं, आणि त्यावर त्याने झेंडूचं फूल ठेवलं. केंद्र बंद झाल्यावर बस्ता ते रिठदला घेऊन गेले. तिथे दर दसऱ्याला त्याची पूजा करत करत म्हातारे झाले. शेवटी त्यांचा स्वतःचा खांदा धरला, तेव्हा म्हणे ते सुतळी वळत बसायचे.

तर घट बसले त्या सकाळी.

बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जगदेवराव पाटावर बसलेले. सोजरबाई कंबरेला पदर खोचून दाराशी उभी, चेहरा असा की निकाल तिला आधीच ठाऊक आहे. चूल पेटलेली. मी पायांची काठवट डोक्यावर घेऊन आलो होतो. पाचर आता एकही उरली नव्हती.

प्रयागबाईंनी गळ्यातली झोळी काढली. पीठ मळलं. गोळा काठवटीवर ठेवला आणि उजव्या हाताने पहिली थाप दिली. तेवढ्यात दारात छत्री दिसली, मागे मिशी आली आणि मागोमाग मारोतराव. काखेत बस्ता.

“थांबा! थांबा म्हणतो!” ते ओरडले. “जगदेवराव, हे काय करून राह्यले तुमी? दहा दिवस बाकी हायेत अजून! या हातानं भाकर थापता येत नाही!”

भाकरी काठवटीवर वितभर झाली होती.

“येत नाही म्हणता?” जगदेवरावांनी विचारलं.

“येऊच शकत नाही. हाड वलं हाय. बोटं वळत नसतात या टायमाले. मले विचारा, मी शिकून आलेला हाव!”

प्रयागबाई भाकरी फिरवत होत्या. बोटांनी कड सारखी करत होत्या. करंगळी पूर्ण वळत नव्हती, त्यामुळे एका बाजूला कड किंचित जाड राहिली. त्यांनी भाकरी दोन्ही हातांवर उचलली. शेडमध्ये याच ठिकाणी दोनदा फाटली होती. भाकरी तव्यावर गेली. वरून पाण्याचा हात फिरला.

“मास्तर,” सोजरबाईच मध्ये बोलली, “तुमी बोलून राह्यले तवर ते भाजून होऊन राह्यली ना बाप्पा.”

“भाजून काय होते? नियम काय हाय ते पाहा. मी दहा दिवसांनी झोळी सोडीन, मंग अकराव्या दिवशी तिनं थापावी. आधी बस्त्याले डोकं टेकवावं अन्…”

तेवढ्यात निखाऱ्यावर टाकलेली भाकरी टम्म फुगली. मारोतरावांनी ती पाहिली. मी त्यांचा चेहरा नीट पाहत होतो, कारण असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो. मला वाटलं, आता तरी काही शिरेल. त्यांनी फुगलेल्या भाकरीकडे पाहिलं, मग बस्त्याकडे पाहिलं, आणि बस्ता कपाळाला लावून म्हणाले, “केवढी कृपा!”

जगदेवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला. दुसरा मोडला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“कड जाड हाय एकीकडून,” ते म्हणाले.

“हाव,” प्रयागबाई म्हणाल्या. “करंगळी अजून घरी आली नाही.”

“बाकी भाकर तुमचीच हाय. चूल तुमची. सोजरबाई, तुमाले मंगरुळाच्या मोटारीत बसवून देतो.”

सोजरबाईने पदर सोडला. तेव्हा प्रयागबाई दुसरा गोळा हातात घेत म्हणाल्या, “तिले जाऊ देऊ नका इतक्यात, जगदेवराव. खरं सांगतो, दीडशे भाकरी हा हात आज नाही थापत. पन्नास थापतो. सूज आली तर चाळीसच. बाकीच्या दिवाळीपर्यंत तिनं थापाव्या. खोलीत दोघी राहू.”

सोजरबाई परातीपाशी बसली आणि पीठ चाळायला लागली.

“मास्तर,” प्रयागबाई म्हणाल्या, “तुमी जरा तिकडे सरका. तवा रिकामा जळून राह्यला.”